वादळ येतं तेव्हा घरात कोण असतं?

३ जून २०२० च्या दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनारा ओलांडून आत शिरलं. वाऱ्याचा वेग ताशी १०० ते ११० किलोमीटर होता, मधूनच १२० चे झोत येत होते. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, मंडणगड, दापोली या पट्ट्यात दोनतीन तासांत कौलं फुटली, पत्रे उडाले, नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. त्या दिवशी या गावांतल्या मोहल्ल्यांमध्ये घर सांभाळत कोण होतं, हे बातम्यांत फारसं आलं नाही. आपल्याला मात्र ते ठाऊक आहे. कमावता पुरुष कुवेत, दोहा, मस्कत, दुबईत होता आणि कोरोनामुळे विमानं जवळजवळ बंद होती. घरात आई होती, बायको होती, सून होती, थकलेले सासरे आणि मुलं होती. दाराला आतून कपाट लावून उभ्या राहिल्या त्या बायकाच.

कुणबीवाडीतली परिस्थिती एरवी याहून फार वेगळी नसते. तिथला माणूस मुंबईत चाकरमानी असतो. त्या वर्षी टाळेबंदीमुळे त्यांतले बरेच जण गावी परतले होते, एवढाच फरक. मनीऑर्डरवर चालणाऱ्या कोकणाने गेली शंभरेक वर्षं हीच विभागणी केली आहे. पैसा बाहेरून येतो आणि घर बाई चालवते.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे नव्या कामाच्या पहिल्या बैठकीत विचारतात की हे रोज वापरणार कोण आणि बिघडेल तेव्हा समोर कोण असेल. उत्तर ज्याचं नाव असेल त्याला बैठकीला बोलावतात. निदान बोलवायला हवं, हे सगळे मान्य करतात. कोकणात घर बांधताना हा प्रश्न कुणी विचारत नाही. आखातातून व्हॉट्सअॅपवर फोटो येतो: अशी कमान हवी, असे खांब हवेत, पायरीला असा ग्रॅनाइट हवा. गवंडी तो फोटो पाहतो, मामा किंवा चुलते देखरेख करतात, आणि जी बाई त्या घरात वर्षाचे अकरा महिने राहणार असते ती सगळ्यांसाठी चहा करते.

याचा परिणाम घराच्या रचनेत दिसतो. सगळा पैसा दर्शनी भागात जातो, कारण तो गावाला दिसतो. मागचा भाग बायकांच्या वापराचा: चूल किंवा गॅस, न्हाणी, लाकडं ठेवायची खोप, परसाच्या टोकाला संडास. तिथे जुने पत्रे, उरलेल्या विटा, कधी नुसती ताडपत्री. वादळात आधी गेला तो हाच भाग. त्यानंतर अनेक गावांत आठवडे, काही ठिकाणी महिन्याहून जास्त वीज नव्हती. पंप बंद, म्हणजे पाणी विहिरीवरून डोक्यावर. संडासाला छप्पर नाही आणि परसात झाडं पडलेली, म्हणजे काळोख पडायची वाट पाहायची आणि तोवर पाणी प्यायचं नाही. घरात गरोदर बाई असेल, पाळी आलेली मुलगी असेल, गुडघे गेलेली आजी असेल, तर ते दिवस कसे जातात हे पंचनाम्याच्या कुठल्या रकान्यात येत नाही. पंचनामा मोजतो तो उडालेला पत्रा.

तो पत्रा का उडतो, हे जरा मोजून पाहू, कारण इथे आपल्याकडे ‘अल्लाची मर्जी’ म्हणून विषय फार लवकर संपवला जातो. भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात वाऱ्याच्या दाबाचं साधं सूत्र आहे. वाऱ्याचा वेग सेकंदाला मीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा आणि ०.६ ने गुणा. ताशी ११० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण ३०.५ मीटर. उत्तर येतं दर चौरस मीटरला ५६० न्यूटन, म्हणजे सुमारे ५७ किलो. वेग दुप्पट झाला की हे चौपट होतं. उताराच्या छपरावर हा जोर बराचसा वरच्या दिशेने, ओढल्यासारखा लागतो, आणि कडांना व कोपऱ्यांना तो दीडदोनपट असतो. आता वजनं पाहा. लोखंडी पत्र्याचं छप्पर चौरस मीटरला जेमतेम पाच किलो भरतं. मंगळुरी कौलांचं, वासे-रिपांसकट, पन्नास-साठ किलो. चार इंची सिमेंटचा स्लॅब अडीचशे किलो. पत्रा स्वतःच्या वजनावर टिकूच शकत नाही, तो टिकतो बांधणीवर. पत्रा रिपेला, रीप वाशाला, वासा भिंतीवरच्या सराला, सर भिंतीला आणि भिंत पायाला, अशी एक साखळी असते. एक कडी सुटली की संपलं. बहुतेक घरांत यातली सर आणि भिंत यांच्यामधली कडी नसतेच. सर जांभ्याच्या चिऱ्यांवर नुसता टेकलेला असतो.

आणखी एक गोष्ट, जी आत असलेल्या बाईनेच पाहिलेली असते: आधी वाऱ्याकडचं दार किंवा खिडकी गेली, मग छप्पर. यामागेही शास्त्र आहे. समोरचं दार तुटलं की वारा आत भरतो आणि छपराला खालून ढकलतो. वरून ओढ, खालून रेटा. म्हणून वाऱ्याच्या बाजूचं दार मजबूत हवं आणि त्याची कडी-बिजागरं भिंतीत खोल गेलेली हवीत. सागवानी चौकटीवरचं नक्षीकाम इथे काही कामाचं नाही.

उपाय जुने आणि माहीत असलेले आहेत. दोन पाखींच्या छपरापेक्षा चार पाखींचं छप्पर वाऱ्याला कमी विरोध करतं. पडवीचं छप्पर मुख्य छपरापासून वेगळं ठेवलं तर पडवी उडताना घर उघडं पडत नाही. भिंतीवर चहूबाजूंनी सलग काँक्रीटचा पट्टा असावा, त्यात रोवलेल्या सळ्या किंवा लोखंडी पट्ट्या वाशांवरून वळवून घट्ट कराव्यात. कडेच्या रांगांत पत्र्याचे हुक दुप्पट लावावेत. या सगळ्याचा खर्च पोर्चच्या कमानीपेक्षा कमी येतो. तरी तो होत नाही, कारण छपराखालची पट्टी फोटोत दिसत नाही.

मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती मात्र एक खोली. साधारण आठ बाय दहा फुटांची, स्लॅबची, माजघराला लागून, आतूनच दार असलेली, आणि तिच्याच भिंतीला लागून संडास-न्हाणी, तीही स्लॅबखाली. लहान खोली, लहान खिडकी, जवळजवळ असलेल्या भिंती आणि वर अडीचशे किलोचं वजन. घराच्या बाकीच्या भागावर कौलं राहू द्या, उन्हाळ्यात तीच बरी. वर्षभर ही खोली धान्याची, कपड्यांची, बाळंतिणीची. वादळाच्या दिवशी सगळं कुटुंब तिथे. स्लॅबवर टाकी ठेवली तर वीज गेल्यावर दोन दिवसांचं पाणी, आणि अंधारात परस ओलांडायला नको. आपल्या घरांत बायकांना परक्या लोकांत रात्र काढायची अडचण वाटते, म्हणून त्या निवाऱ्याला जायला कचरतात, हे आपण जाणतो. त्यावर व्याख्यान देण्याआधी त्यांना घरात एक सुरक्षित खोली देता येते.

निवाऱ्याचा विषय निघालाच आहे तर बांगलादेशचा अनुभव पाहायला हवा, कारण या बाबतीत त्या देशाने फार मोठी किंमत मोजली आहे. एप्रिल १९९१ च्या अखेरीस चितगावच्या किनाऱ्यावर आलेल्या चक्रीवादळात सुमारे १ लाख ३८ हजार माणसं गेली. २० ते ४४ वयोगटात पुरुषांमागे मृत्यूचं प्रमाण हजारी १५ आणि बायकांमागे हजारी ७१ असं नोंदवलं गेलं. बायका दुबळ्या होत्या असं कारण नव्हतं. त्या मुलांना धरून होत्या, नवरा येऊन सांगेल म्हणून थांबल्या होत्या, आणि जो निवारा होता तिथे पुरुषांच्या गर्दीत ना वेगळी जागा होती ना वेगळा संडास. इशारा पोचला होता, पण तो बाजारात आणि मशिदीत, पुरुषांच्या कानावर. पुढच्या निवाऱ्यांत बायकांसाठी वेगळ्या खोल्या आणि संडास आले, गुरांना जागा आली, कारण गाय सोडून बाई हलत नाही हेही लक्षात आलं. इशारा देणाऱ्या सुमारे ७६ हजार स्वयंसेवकांत आज निम्म्या बायका आहेत. २००७ च्या ‘सिद्र’ वादळात मृत्यूंचा आकडा साडेतीन हजारांच्या आत राहिला. तोही थोडा नाही, पण १९९१ शी ताडून पाहा. एका मुस्लिमबहुल समाजाने पडद्याचा प्रश्न न टाळता, त्याला धरूनच बांधकामाचा नकाशा बदलला. आपल्या मोहल्ल्यांत स्लॅबचे जमातखाने आणि मदरशांचे हॉल आहेत. त्यांत बायकांसाठी वेगळी वाट आणि वेगळा संडास आहे का, हे पाहायला सरकारी आदेश लागत नाही.

आता कागद. प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) २०१६ पासून चालू आहे. घर कमीत कमी २५ चौरस मीटरचं, त्यात स्वयंपाकाची स्वच्छ जागा धरलेली, सपाट भागात १ लाख २० हजारांचं आणि डोंगराळ भागात १ लाख ३० हजारांचं अर्थसाहाय्य, शौचालयाचे १२ हजार वेगळे. घर बाईच्या नावे किंवा नवराबायको दोघांच्या नावे, असा नियम आहे. नियम चांगला आहे. पण तेवढ्या पैशांत संडास परसाच्या टोकाला बांधायचा की घराला लागून, हे ठरवताना तिला कुणी विचारत नाही. हप्ता मिळतो तो टप्प्याटप्प्याच्या फोटोंवर, जागेच्या अक्षांश-रेखांशासह. या पद्धतीचं मला कौतुक आहे, खोटी घरं त्यामुळे कमी झाली असणार. पण फोटोत छप्पर दिसतं, त्याचा बोल्ट दिसत नाही. तो हलवून पाहणारं माणूस जागेवर लागतं.

आपल्यातली बरीच घरं या योजनेतली नाहीत, ती वडिलोपार्जित आहेत. तिथे अडचण आणखी जुनी. ‘निसर्ग’नंतर राज्य सरकारने पूर्ण पडलेल्या घराची मदत ९५ हजार १०० वरून दीड लाखावर नेली. मदत मागायला गेलं की पहिला प्रश्न: घर कुणाच्या नावावर? ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये नाव असतं आजोबांचं, जे केव्हाच वारले. वारस बारा, त्यांतले पाच परदेशात. राहते ती एकटी सून, तिचं नाव कुठेच नाही. दुरुस्तीचा निर्णय घ्यायचा तर दिराची संमती, कर्ज काढायचं तर सासऱ्यांची सही. ग्रामपंचायतीच्या दप्तरी पतीबरोबर पत्नीचंही नाव लावावं असं राज्याचं धोरण आहे, दोन दशकांपूर्वी ‘घर दोघांचे’ या नावाने ते गावोगाव सांगितलं गेलं. किती घरांत ते झालं, हे आपापल्या घरचा उतारा काढून पाहिलं तरी कळेल.

आणि इथे आपण सरकारकडे बोट दाखवून सुटू शकत नाही. आपल्या कायद्यात मुलीला वडिलांच्या घरात हिस्सा आहे, मुलाच्या निम्मा का होईना, पण ठरलेला. नवरा वारला तर मुलं असताना बायकोला आठवा हिस्सा. सूरह निसामधले हे हिस्से तोंडपाठ असलेली माणसं आपल्या गावोगाव आहेत. तरीही वडील वारल्यावर बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते आणि भावाने माहेरची वाट खुली ठेवली याला उपकार म्हणतात. वादळानंतर माहेरी परतलेली बहीण किंवा विधवा सून ज्या खोलीत राहते, ती खोली दुरुस्तीच्या यादीत शेवटी येते. कारण ती कुणाचीच नसते. घराच्या मजबुतीचा प्रश्न आणि वारशाचा प्रश्न हे दोन वेगळे विषय आहेत असं समजणं सोयीचं आहे. जो हिस्सा कागदावर नाही त्याच्यावर पैसा खर्च होत नाही, इतकं ते सरळ आहे.

जमातींचं श्रेय नाकारायचं नाही. ‘निसर्ग’नंतर मुंबईहून, आखातातून मदत आली, पत्रे मिळेनासे झाले होते आणि मिळाले तर चढ्या भावाने, तेव्हा मोहल्ल्यांनी ते मिळवून वाटले, शेजारच्या वाड्यांनाही दिले. पण याद्या केल्या गेल्या जमातीच्या बैठकीत, आणि बहुतेक गावांत त्या बैठकीत बाई नसते. म्हणून यादीत पत्रे, कौलं, सिमेंट होतं. कंदील, झाकणाच्या बादल्या, संडासाचं दार, सॅनिटरी पॅड हे मागाहून सुचलं किंवा सुचलंच नाही. शिवाय बरेच पत्रे होते त्याच पद्धतीने, त्याच हुकांनी पुन्हा ठोकले गेले. पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ किनाऱ्याजवळून गेलं, तेव्हा त्यांतले कित्येक परत उचकटले.

बायकांना बांधकामातलं काय कळतं, असं म्हणणाऱ्यांसाठी महाराष्ट्रातच उत्तर आहे, आणि ते किनाऱ्यापासून दूर आहे. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत नव्या वसाहतींबरोबरच हजारो जुन्या घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण हाती घेतलं गेलं. प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोगाने त्यात गावोगावच्या महिला मंडळांतून ‘संवाद सहायक’ तयार केल्या. या बायकांनी मजबुतीकरणाचं तंत्र शिकून घेतलं, घरोघर समजावलं, सिमेंट-सळईचा हिशेब पाहिला आणि काम नीट नसेल तर गवंड्याला थांबवलं. त्यांतल्या अनेकींनी शाळेचं तोंड जेमतेम पाहिलं होतं. २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूने नवी घरं नवराबायकोच्या संयुक्त नावे देण्याचा आदेश काढला. झारखंडमध्ये स्वच्छ भारत अभियानात बायका गवंडीकाम शिकल्या आणि ‘रानी मिस्त्री’ म्हणून ओळखल्या गेल्या. आपल्या मोहल्ल्यांतल्या मुली आज पदविका, अभियांत्रिकी, वास्तुरचना शिकताहेत. दापोलीची किंवा महाडची एखादी सिव्हिलची विद्यार्थिनी गावातल्या तीस घरांचे सर आणि हुक तपासू शकते. तिला फक्त शिडी आणि परवानगी हवी. यांतली शिडी मिळणं सोपं आहे.

काम कुठून सुरू करायचं? नमुना ८ चा उतारा काढा आणि नावं वाचा. वारस नोंद राहिली असेल तर अर्ज करा, आणि त्यात बहिणींची नावं गाळू नका. ग्रामसभा वर्षातून निदान चारदा होते. तिथे घरकुलांच्या यादीबरोबर संडास घराला लागून आणि छपराची बांधणी हे दोन मुद्दे लेखी द्या. महिलांची वेगळी ग्रामसभा आधी घ्यायची असते, ती खरंच झाली की सह्या घरी फिरवून आणल्या हे विचारा. जमातीच्या मदत समितीत बायका घ्या, आणि त्या बसतील अशा वेळी बैठक ठेवा. इशाची नमाज झाल्यावर मशिदीच्या ओट्यावर ती ठेवली, तर त्या येणार नाहीत हे आधीच ठरल्यासारखं आहे. परदेशातल्या भावाला पुढचा आराखडा पाठवण्याआधी घरातल्या बायकांनी तो जमिनीवर चुन्याने आखून त्यावरून चालून पाहावं: पाणी कुठून आत येतं, वारा कुठल्या दाराला लागतो, रात्री संडासाला जायला किती पावलं पडतात.

वेळ फारसा नाही. अरबी समुद्रातली वादळं पावसाळ्याच्या आधी आणि नंतर येतात. ‘तौक्ते’ मे महिन्यात आलं, ‘निसर्ग’ जूनमध्ये, आणि २००९ चं ‘फयान’ ११ नोव्हेंबरला. गवंडी-सुतार मिळण्याचा, जांभा कोरडा असण्याचा आणि छप्पर उघडून काम करता येण्याचा काळ त्यामुळे डिसेंबर ते एप्रिल, पाच महिन्यांचा.